एका गुलाबाच्या काट्यामुळे कळलं की पेशी खातात, आज कॅन्सरचं नॅनो औषध तिथेच अडतंय

घरात कोणाला कॅन्सर झाला की पाठोपाठ किमो हा शब्द येतोच. मग केस गळणं, उलट्या, तोंड येणं, अन्नावरची वासना उडणं हे सगळं ओघाने येतं. कारण साधं आहे. सलाईनमधून दिलेलं औषध रक्तातून सगळ्या अंगभर फिरतं. गाठ असते एका जागी, मार मात्र अख्ख्या शरीराला बसतो.

यावर शास्त्रज्ञांनी एक तोडगा काढला. औषध मोकळं न सोडता एका अतिसूक्ष्म पुडीत बांधायचं आणि ती पुडी कॅन्सरच्या पेशीत जाऊन फुटेल अशी सोय करायची. या पुडीला म्हणायचं नॅनोपार्टिकल. ही पुडी किती लहान? तर आपल्या डोक्यावरचा एक केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो आणि अशी पुडी असते जेमतेम १०० नॅनोमीटरची.

ऐकायला हे भारी वाटतं. पण २०१६ साली कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी आधीच्या दहा वर्षांतल्या प्रयोगांचा हिशोब मांडला. प्राण्यांना टोचलेल्या नॅनोपार्टिकलपैकी गाठीपर्यंत किती पोहोचतात? उत्तर आलं, मध्यम आकडा ०.७ टक्के. म्हणजे गावाकडे हजार रुपये पाठवावेत आणि घरच्यांच्या हातात सात रुपये पडावेत, तसला प्रकार.

मग उरलेला माल जातो कुठे? त्यातला मोठा वाटा यकृतात आणि प्लीहेत बसलेल्या काही पेशी चक्क गिळून टाकतात. बाहेरचा कण दिसला की खायचा, एवढंच त्यांचं काम.

या खादाड पेशींचं काम जगाला पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं ते एका रशियन माणसाने. तो डॉक्टर नव्हता. त्याने पेशंट तपासले नाहीत. त्याने एका तारामाशाच्या पिल्लाला गुलाबाचा काटा टोचला होता.

त्याचं नाव एली मेचनिकॉफ.

दोन वर्षांत डिग्री उरकणारा पोरगा

मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ सालचा. आज युक्रेनमध्ये असलेल्या खारकीव्हजवळच्या एका खेड्यातला. तेव्हा हा सगळा मुलूख रशियाच्या झारकडे होता. वडील शाही सैन्यातले अधिकारी आणि जमीनदार. पाच भावंडांत एली शेंडेफळ.

पोराला लहानपणापासून किडे, झाडं, दगड असल्या गोष्टींचा नाद. खारकीव्हच्या विद्यापीठात नाव घातलं तर चार वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांत संपवून मोकळा झाला. पुढे जर्मनी आणि इटलीत जाऊन समुद्री जिवांवर काम सुरू केलं.

१८६५ साली जर्मनीतल्या गिसेन गावात एका चपट्या किड्याकडे सूक्ष्मदर्शकातून बघताना त्यांना एक गंमत दिसली. या किड्याचं अन्न आतड्याच्या पोकळीत पचत नव्हतं. पेशीच अन्नाचा कण आत ओढून घेत होत्या आणि आतल्या आत पचवत होत्या.

पेशीला तोंड नसतं, दात नसतात. तरी ती खाते. ही गोष्ट त्यांनी डोक्यात कुठेतरी ठेवून दिली. तिचा खरा अर्थ कळायला पुढची सतरा वर्षं जाणार होती.

नवरीला खुर्चीवर बसवून चर्चमध्ये नेलं

ही सतरा वर्षं काही सुखाची नव्हती.

१८६९ साली त्यांचं लग्न ल्युडमिला नावाच्या मुलीशी झालं. तिला क्षयरोग होता. लग्नाच्या दिवशी तिला चालवत नव्हतं, म्हणून खुर्चीवर बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. हवापालट हाच उपाय. तिला घेऊन मेचनिकॉफ गावोगाव फिरले, ओडेसा विद्यापीठातली नोकरी सांभाळत पैशांची जुळवाजुळव करत राहिले. शेवटी १८७३ साली मदेरा बेटावर तिचा मृत्यू झाला.

त्यात त्यांचे स्वतःचे डोळे अधू झाले होते, सूक्ष्मदर्शकावर काम होत नव्हतं. खचलेल्या मेचनिकॉफ यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला, पण ते वाचले. त्यांच्या दुसऱ्या पत्नीने, म्हणजे ओल्गा यांनी लिहिलेल्या चरित्रात त्यानंतरचा एक प्रसंग येतो. पुलावरच्या कंदिलाभोवती किडे घिरट्या घालत होते. एवढं थोडं आयुष्य असलेल्या या जिवांना उत्क्रांतीचा नियम लागू होतो तरी कसा, असा प्रश्न त्यांच्या डोक्यात आला आणि ते त्याच विचारात गुंतून गेले.

१८७५ साली ओल्गाशी लग्न झालं. १८८० साली तिला टायफॉईडने गाठलं. ती वाचली, पण मेचनिकॉफ पुन्हा कोलमडले. १८८१ साली त्यांनी स्वतःच्या अंगात उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णाचं रक्त टोचून घेतलं. जीवघेणं आजारपण काढलं आणि त्यातूनही उठले.

त्याच वर्षी झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली. सरकारने विद्यापीठांवरचा फास आवळला. या राजकारणाला कंटाळून १८८२ साली मेचनिकॉफ यांनी प्राध्यापकी सोडली आणि ओल्गाच्या लहान भावंडांसकट सगळं बिऱ्हाड घेऊन इटलीतल्या सिसिली बेटावरचं मेसिना गाव गाठलं.

घरचे सर्कशीला गेले आणि इकडे शोध लागला

मेसिनाला समुद्रकाठी घर होतं. दिवाणखान्यातच प्रयोगशाळा मांडली होती. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीत माकडांचे खेळ बघायला गेली. मेचनिकॉफ एकटेच मागे राहिले. समोर होतं तारामाशाचं पिल्लू. ते काचेसारखं पारदर्शक असतं, त्यामुळे कापाकापी न करता आतल्या हिंडत्या पेशी दिसतात.

या पेशी बघताना त्यांच्या डोक्यात वीज चमकली. या पेशी कण खातात, हे तर माहीत होतं. पण त्या फक्त पोट भरण्यासाठी खातात की शरीरात घुसलेल्या शत्रूलाही खातात?

आपल्या पायात काटा रुतला की काय होतं? ती जागा लाल होते, सुजते, पू धरते. तारामाशाच्या पिल्लाला रक्तवाहिन्या नसतात. त्याला काटा टोचला आणि तरीही पेशी काट्याभोवती जमल्या, तर त्या बचावासाठीच येतात असं म्हणता येईल.

बागेत मुलांसाठी ख्रिसमस ट्री म्हणून संत्र्याच्या जातीचं एक छोटं झाड सजवलं होतं. मेचनिकॉफ तिथे गेले, गुलाबाचे काही काटे घेऊन आले आणि पिल्लांच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर त्यांना झोप लागली नाही.

सकाळी बघतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडला होता.

या पेशी चोर की शिपाई?

आज शाळेतलं पोरगंही सांगतं की पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात. तेव्हा मात्र वैद्यकात उलटंच मानलं जात होतं. पांढऱ्या पेशींच्या पोटात जंतू दिसतात हे डॉक्टरांना ठाऊक होतं. पण अनेकांची समजूत अशी की जंतू त्या पेशींवर स्वार होऊन अंगभर पसरतात. म्हणजे ज्याला मेचनिकॉफ शिपाई म्हणत होते, त्याला बाकीचे चोराचा साथीदार ठरवत होते.

योगायोगाने त्या काळचे सगळ्यात मोठे पेशीतज्ज्ञ रुडॉल्फ विरशो मेसिनाला आले होते. त्यांनी प्रयोग बघितले, उत्तेजन दिलं, पण जपून पावलं टाकायचा सल्लाही दिला. व्हिएन्नाचे प्राध्यापक क्लाउस यांनी या पेशींना ग्रीक भाषेतून नाव सुचवलं, फॅगोसाइट. मराठीत सांगायचं तर भक्षक पेशी.

१८८४ साली मेचनिकॉफ यांनी पुढचा पुरावा आणला. पाण्यातला डॅफ्निया नावाचा एक बारका पारदर्शक जीव असतो. त्याच्या अंगात एका बुरशीचे सुईसारखे बीजाणू शिरतात. पेशींनी ते खाऊन टाकले तर जीव वाचतो. पेशी कमी पडल्या तर बुरशी जिंकते आणि तो मरतो. ही लढाई सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघता येत होती.

आणखी एक प्रयोग त्यांनी केला, जो आजच्या नॅनो औषधांसाठी फार मोलाचा आहे. त्यांनी पेशींना निळ्या लिटमसचे कण खायला घातले. पेशीच्या पोटात गेल्यावर ते लाल झाले. लिटमस लाल होतं ते आम्लात. म्हणजे पेशी गिळलेला कण नुसता साठवत नाही, तर आंबट रसाच्या पिशवीत टाकते.

ओडेसातून पॅरिस, आणि त्यातून मुंबई

१८८६ साली ओडेसात जंतुशास्त्राची संस्था निघाली आणि मेचनिकॉफ तिचे प्रमुख झाले. पण गाडी रुळावर राहिली नाही. हा डॉक्टर नसताना आम्हाला काय शिकवतो, म्हणून गावातले डॉक्टर मागे लागले. त्यात संस्थेने केलेल्या अँथ्रॅक्सच्या लसीकरणात हजारो मेंढ्या दगावल्या. वैतागून त्यांनी रशिया सोडला. १८८८ साली लुई पाश्चर यांनी त्यांना पॅरिसच्या आपल्या नव्या संस्थेत प्रयोगशाळा दिली. पुढची २८ वर्षं ते तिथेच राहिले.

इथे या गोष्टीचा एक धागा थेट मुंबईशी जुळतो. ओडेसात मेचनिकॉफ यांच्याकडे शिकलेला एक विद्यार्थी त्यांच्या मागोमाग पॅरिसला आला. सुरुवातीला पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात सहायकाची नोकरी केली. हा विद्यार्थी म्हणजे वाल्डेमार हाफकिन. मुंबईत प्लेगने थैमान घातलं तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत लस बनवून १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने उभी आहे.

जर्मनीशी २० वर्षांचं भांडण

पॅरिसला जागा मिळाली, पण वाद काही संपला नाही. १८९० साली बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत बेरिंग आणि किटासाटो यांनी दाखवलं की धनुर्वात आणि घटसर्पाचं विष रक्तातल्या पाण्यासारख्या द्रवाने, म्हणजे सीरमने, मारता येतं. त्यात पेशी नसल्या तरी चालतं.

झालं. जर्मन गट म्हणाला, संरक्षण करतं ते सीरम. मेचनिकॉफ म्हणाले, संरक्षण करते ती पेशी. परिषदा, लेख, प्रतिलेख असा हा सामना वर्षानुवर्षं चालला.

गंमत म्हणजे सीरमच्या बाजूचा एक मोठा पुरावा मेचनिकॉफ यांच्याच प्रयोगशाळेतून बाहेर पडला. त्यांच्याकडे काम करणारे तरुण ज्यूल बोर्डे यांनी १८९५ साली दाखवलं की रक्तात जंतूंना फोडायला मदत करणारे पदार्थ असतात. आज त्यांना कॉम्प्लिमेंट म्हणतात.

१९०३ साली लंडनमध्ये आल्म्रॉथ राइट आणि स्ट्युअर्ट डग्लस यांनी या भांडणातली गाठ सोडवली. रक्तातले काही पदार्थ जंतूंना चिकटतात आणि त्यामुळे पेशी त्यांना चटकन खातात. बेचव भाजीला फोडणी दिली की ती पोरं मुकाट खातात, तसंच. म्हणजे फोडणी द्यायचं काम रक्ताचं आणि खायचं काम पेशीचं. दोन्ही बाजू खऱ्या होत्या.

१९०८ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांत वाटून दिलं गेलं. एक वाटा भक्षक पेशीवाले मेचनिकॉफ यांना, दुसरा सीरमवाले जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिश यांना. हे तेच एर्लिश, ज्यांनी फक्त रोगावर जाऊन आदळणाऱ्या जादुई गोळीची कल्पना मांडली. आजची नॅनो औषधं त्याच कल्पनेची पोरं आहेत. गोळी एर्लिश यांची आणि तिच्या वाटेत उभा असलेला शिपाई मेचनिकॉफ यांचा. दोघांची गाठ नोबेलच्या यादीतच पडली होती.

ताक पिणारा नोबेलवाला

उतारवयात मेचनिकॉफ यांना म्हातारपणाने पछाडलं. आतड्यातले वाईट जंतू शरीर लवकर झिजवतात, आंबवलेल्या दुधातले जंतू त्यांना आवर घालतात, असं त्यांचं मत होतं. ते स्वतः रोज आंबवलेलं दूध घेत. त्यांच्यामुळे युरोपात दही औषधासारखं विकलं जाऊ लागलं. म्हातारपण लांबवायचा त्यांचा हिशोब त्यांनी मांडला तसा काही उतरला नाही. पण प्रोबायोटिक म्हणून आज जे काही बाजारात मिळतं, त्याची चर्चा त्यांच्या नावापासूनच सुरू होते.

पहिलं महायुद्ध सुरू झालं, प्रयोगशाळेतली तरुण पोरं आघाडीवर गेली. हृदयविकाराने थकलेले मेचनिकॉफ जुलै १९१६ मध्ये पॅरिसला वारले. वय होतं ७१. त्यांच्या अस्थींचा कलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेला आहे.

मग नॅनोपार्टिकल पेशीत शिरतं कसं?

मेचनिकॉफ यांनी बघितलं तसंच, पण अजून बारीक पातळीवर. पेशीचं बाहेरचं आवरण आत दबतं, कणाभोवती पिशवीसारखं वळतं आणि ती पिशवी तुटून आत जाते. मोठा कण असेल तर भक्षक पेशी त्याला कवेत घेऊन गिळते. १०० नॅनोमीटरच्या आसपासचा कण असेल तर जवळपास कोणतीही पेशी त्याला छोट्या खळग्यातून आत घेऊ शकते. या खळग्याला क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाची टोपलीसारखी जाळी आधार देते.

कॅन्सरची पेशीही याच वाटेने नॅनोपार्टिकल आत घेते. काही कॅन्सर पेशींच्या अंगावर फोलेट नावाचं जीवनसत्त्व पकडणारे हात जास्त असतात. म्हणून कणावर फोलेट लावून त्या पेशींना भुलवायचे प्रयत्न झाले आहेत.

पण तिथे पोहोचण्याआधीच जुनी अडचण येते. कण रक्तात शिरला की रक्तातली प्रथिनं त्याला चिकटतात. राइट आणि डग्लस यांनी सांगितलेली फोडणी ती हीच. यकृतातल्या भक्षक पेशींना वाटतं की जंतू आला आणि त्या कण गिळतात. जी पेशी आपल्याला जंतूपासून वाचवते, तीच आपल्या औषधाला शत्रू समजते. तिची काही चूक नाही. ती तिचं काम करते.

यावर उपाय निघाला तो कणाला पाणी धरून ठेवणाऱ्या पीईजी या पदार्थाचा अंगरखा घालण्याचा. त्यामुळे प्रथिनं कमी चिकटतात आणि कण रक्तात जास्त वेळ टिकतो. डॉक्सोरुबिसिन हे किमोचं जुनं औषध अशा चरबीच्या पुडीत भरून डॉक्सिल तयार झालं. १९९५ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. साध्या डॉक्सोरुबिसिनने हृदयाला जी इजा होते, ती यात बरीच कमी झाली. मात्र तळहात आणि तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास वाढला. म्हणजे नॅनो म्हटलं की दुष्परिणाम शून्य, असं समजायचं कारण नाही.

दुसरी अडचण लिटमसवाली. कण पेशीत गेला तरी आंबट रसाच्या पिशवीत अडकतो. तिथून बाहेर पडला नाही तर आतलं नाजूक औषध वाया जातं. म्हणून आता आम्ल लागताच ज्यांचा विद्युतभार बदलतो अशा चरबीच्या पुड्या बनवतात. त्या पिशवीचं आवरण फोडून माल बाहेर सोडतात. कोरोनाच्या एमआरएनए लशींमध्ये हीच युक्ती वापरली गेली. कॅन्सरवरच्या एमआरएनए लशींचे प्रयोगही याच वाटेने चाललेत.

आणि काहींनी तर शिपायाशी भांडण करायचंच सोडून दिलं. मिफामुर्टाइड नावाचं औषध चरबीच्या पुडीत मुद्दाम असं भरलं जातं की भक्षक पेशींनी ते खावं. खाल्लं की त्या चवताळतात आणि कॅन्सरच्या पेशींवर तुटून पडतात. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये होणाऱ्या ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कॅन्सरसाठी, गाठ काढल्यानंतर किमोच्या जोडीने वापरायला २००९ साली युरोपात त्याला परवानगी मिळाली.

हजारातले सात रुपये पोहोचतात, त्याचे सत्तर कसे करायचे, यावर आज जगभरच्या प्रयोगशाळा झटताहेत. आकार बदलून बघतात, अंगरखा बदलून बघतात, कधी शिपायाला चुकवतात तर कधी त्यालाच कामाला लावतात. काहीही केलं तरी त्यांना आधी त्याच पेशीची समजूत काढावी लागते, जी मेसिनाच्या त्या घरात एका सकाळी गुलाबाच्या काट्याभोवती गोळा झाली होती.